ऑफर लेटरवर नाव मोठं, पण नोकरी नेमकी कुणाकडे?

मागच्या महिन्यात भाचीने सांगलीहून दोन पीडीएफ पाठवल्या आणि खाली एकच ओळ लिहिली, "मावशी, कुठली घेऊ?" दोन्ही ऑफर 'बिग फोर'मधल्या, म्हणजे लेखापरीक्षण आणि सल्लागारीतल्या चार बड्या नावांपैकी दोघींच्या. एमबीए झाल्यावर दोन वर्षं हिंजवडीत नोकरी केलेल्या मुलीला दोन मोठ्या सल्लागार कंपन्यांनी एकाच आठवड्यात बोलावलं, म्हणून घरात पेढे वाटून झाले होते. एकीचं पॅकेज १५ लाख, दुसरीचं साडेतेरा. भाऊजींचा निकालही लागला होता. "यात विचारायचं काय? पंधरा मोठे की साडेतेरा?"

मी तिला फोनवर म्हटलं, शेवटच्या पानावर जा, सहीच्या वर कंपनीचं पूर्ण नाव काय आहे ते वाच. तिने वाचलं आणि थांबली. मुलाखतीत ऐकलेलं नाव त्यात होतं, पण त्याला पुढे-मागे चार शब्द चिकटलेले होते. दुसऱ्या लेटरवरही तसंच. ज्या कंपनीत आपण निघालो तिचं पूर्ण नाव ती पहिल्यांदाच वाचत होती.

या क्षेत्रात मी चौदा वर्षं काढली. दरवर्षी ओळखीपाळखीतली तीन-चार मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, आणि बहुतेक जण चुकीच्या दोन गोष्टींची तुलना करत असतात: पाटीवरचं नाव आणि पॅकेजचा आकडा. तुमची पुढची दोन-तीन वर्षं कशी जातील हे या दोन्हींवरून फारसं कळत नाही. ते कशावरून कळतं, तेच इथे सांगते.

सल्लागार कंपनी विकते तरी काय?

गावाकडे जेसीबी तासाने भाड्याने मिळतो. मालकाचं गणित सोपं असतं: महिन्यात मशीन किती तास चाललं आणि तासाला काय दर मिळाला. मशीन उभं राहिलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. सल्लागार कंपनीत मशीनच्या जागी माणसं असतात. एखाद्या बँकेला नवी संगणक प्रणाली बसवायची असते, कारखान्याला खर्च कमी करायचा असतो, सरकारी खात्याला योजनेचा आराखडा हवा असतो. ते या कंपनीकडे येतात आणि कंपनी त्यांना माणसांचे तास देते. फी एकरकमी ठरली, तरी आतला हिशेब तासांचाच चालतो.

म्हणून दर शुक्रवारी टाइमशीट भरावी लागते. या आठवड्यातले किती तास कुठल्या क्लायंटच्या खात्यावर गेले, याची ती नोंद. तुमच्या एकूण तासांपैकी जेवढ्यांचे पैसे क्लायंटकडून मिळतात त्या प्रमाणाला युटिलायझेशन म्हणतात. काम नसताना नुसतं बसून राहावं लागलं, तर त्याला बेंचवर असणं म्हणतात. बेंचवरचे पहिले आठ दिवस सुट्टीसारखे वाटतात. तिसऱ्या आठवड्यात पोटात गोळा येतो, कारण वर्षाअखेरीचं रेटिंग, बोनस आणि बढती या सगळ्यात युटिलायझेशनचा आकडा बोलतो.

मग काम आणतं कोण? पार्टनर. पार्टनर म्हणजे कंपनीत भागीदारी असलेला किंवा त्या दर्जाचा वरिष्ठ. क्लायंटशी त्याची ओळख असते आणि कामाचा करार तोच आणतो. त्याच्याखाली मॅनेजर, त्यांच्याखाली कन्सल्टंट आणि ॲनालिस्ट. ज्या पार्टनरकडे कामं रांग लावून उभी असतात, त्याच्या टीममधला नवखा दोन वर्षांत भरपूर शिकतो. ज्याच्याकडे ओढाताण आहे, त्याची माणसं मिळेल त्या कामावर इकडून तिकडे पाठवली जातात. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर ही दोन्ही चित्रं मी पाहिली आहेत.

'बिग फोर' या चार कंपन्या नाहीत

डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी ही ती चार नावं. पूर्वी पाच होती. अमेरिकेतल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या हिशेबांच्या घोटाळ्यानंतर २००२ मध्ये आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षणातली बलाढ्य फर्म कोसळली आणि चार उरल्या. तिचीच सल्लागार शाखा आधीच वेगळी झाली होती आणि १ जानेवारी २००१ पासून ॲक्सेंचर हे नाव लावू लागली होती. मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन हे तिघं वेगळ्या घराण्यातले. त्यांचं मूळ काम कंपनीच्या वरिष्ठांना धोरणात्मक सल्ला देण्याचं, आणि तिथे नव्यांची भरतीही तुलनेने थोडी असते.

या चौघींपैकी एकही जगभर पसरलेली एकसंध कंपनी नाही. प्रत्येकीच्या शिखरावर ब्रिटनमध्ये नोंदलेली एक संस्था आहे, पण ती क्लायंटचं काम करत नाही. काम देशोदेशीच्या स्वतंत्र फर्म करतात. नाव, नियम आणि दर्जा सामायिक. मालकी, नफा आणि पगार ज्याचा त्याचा.

वारीला जाणाऱ्याला हे चटकन समजेल. माउलींची पालखी एकच, पण तुम्ही चालता ते एका दिंडीबरोबर. जेवण कसं, तंबूत किती जण, आजारी पडलात तर कोण बघणार, हे सगळं दिंडी ठरवते. घरी आल्यावर सगळेच सांगतात की माउलींबरोबर गेलो होतो, आणि ते खरंच असतं. पण दोघांचे अठरा-वीस दिवस अगदी वेगळे गेलेले असतात.

भारतात या दिंड्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिली लेखापरीक्षणाची. आपल्याकडच्या सनदी लेखापालांच्या नियमांमुळे परदेशी फर्मला इथे त्या नात्याने ऑडिट करता येत नाही. त्यामुळे ते काम त्यांच्या जाळ्यातल्या भारतीय फर्म करतात. एस. आर. बाटलीबॉय म्हणजे ईवायच्या परिवारातली, बी एस आर केपीएमजीच्या, डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स आणि प्राइस वॉटरहाउस नावावरूनच कळतात. सीए झालेल्या मुलांना हे पाठ असतं, बाकीच्यांना नाही.

दुसरी भारतीय सल्लागार फर्म. क्लायंट इथले, पैसे रुपयांत. आज चाकणच्या कारखान्यात, उद्या नरिमन पॉइंटच्या बँकेत, परवा मंत्रालयात. बॅग भरून तयार राहावं लागतं.

तिसरी परदेशी कामांसाठी भारतात उभारलेली केंद्रं. डेलॉइटचं 'यूएस-इंडिया', ईवायचं 'जीडीएस', 'केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस', पीडब्ल्यूसीची 'ॲक्सिलरेशन सेंटर्स' ही ती नावं. क्लायंट अमेरिकेत किंवा युरोपात, तुम्ही हैदराबाद, बंगळुरू, गुरुग्रामसारख्या शहरात लॅपटॉपसमोर. क्लायंट अमेरिकेतला असेल तर संध्याकाळी सात-आठला तिकडची माणसं कामाला लागतात, तेव्हा कॉल सुरू होतात.

भाचीची १५ लाखांची ऑफर तिसऱ्या प्रकारातली होती, साडेतेराची दुसऱ्या. म्हणजे हा एका नोकरीचा दोन भावांतला सौदा नव्हता, दोन निरनिराळ्या नोकऱ्या होत्या.

मग परदेशी कामाची केंद्रं कमी दर्जाची का?

हे मी बरेचदा ऐकते आणि मला ते पटत नाही. क्लाउड, सायबर सुरक्षा, विदा (डेटा) विश्लेषण अशा विषयात खोल शिरायचं असेल, तर या केंद्रांतून मोठ्या प्रकल्पांवर काम करायला मिळतं. प्रवास कमी, म्हणून लहान मूल असलेल्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या कितीतरी जणींना ही नोकरी टिकवता आली.

अडचण वेगळी आहे. मोठ्या कामाचा एक तुकडा तुमच्याकडे येतो. क्लायंटच्या खोलीत बसून त्याचा चेहरा वाचणं, मीटिंगमध्ये एखादा वरिष्ठ आकडा ऐकून का चपापला हे टिपणं, इथे फारसं वाट्याला येत नाही. पुढे व्यवस्थापनात जायचं तर तेच कौशल्य लागतं. भारतीय फर्ममध्ये ते पहिल्याच वर्षी शिकायला मिळतं, पण तिथे तंत्रज्ञानाची खोली कधी कधी राहून जाते, कारण दर चार महिन्यांनी विषय बदलतो. तुम्हाला यातलं काय हवंय, हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

एक गैरसमज मात्र दूर करते. "तिथे गेलो की दोन वर्षांत अमेरिका." फर्म वेगवेगळ्या असल्यामुळे भारतातून अमेरिकेत जाणं ही साधी बदली नसते. तिकडच्या फर्मला तुमची गरज असावी लागते, तिने जागा द्यावी लागते आणि व्हिसाचं वेगळंच. काही जण जातात. पण ऑफर लेटरमध्ये ते लिहिलेलं नसेल, तर ते हिशेबात धरू नका.

पंधरा लाखांतले हातात किती?

सीटीसी म्हणजे तुमच्यासाठी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च. भाऊजींची स्वतःची दोन एकर ऊसशेती आहे, म्हणून त्यांना म्हटलं, कारखान्याने जाहीर केलेला टनाचा दर आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन तुमच्या खात्यावर पडलेली रक्कम, यात जेवढा फरक तेवढाच इथे. मग ते कागद-पेन्सिल घेऊन बसले.

दोन्हीकडे मूळ पगार वर्षाला ६ लाख होता. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. हे दोन्ही पैसे तुमचेच, पण आज हातात येत नाहीत, आणि कायम नोकरीत ग्रॅच्युइटी मिळायला साधारणपणे सलग पाच वर्षं भरावी लागतात.

पंधरा लाखांच्या ऑफरमध्ये शिवाय दीड लाख व्हेरिएबल होतं, म्हणजे कामगिरी आणि कंपनीचा धंदा पाहून मिळेल किंवा न मिळेल असा भाग. एक लाख जॉइनिंग बोनस होता, जो पहिल्या वर्षी एकदाच मिळतो. विम्याचे २०,००० धरले होते. हे सगळं वजा केलं तर ११,२९,१४० उरतात, महिन्याला ९४,०९५. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की ८७,८९५.

साडेतेराच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल फक्त ६०,००० होतं, बोनस नव्हता आणि विमा पॅकेजच्या बाहेर कंपनीच्या खर्चाने. तीच वजाबाकी केली तर ११,८९,१४०, महिन्याला ९९,०९५, आणि हातात ९२,८९५.

प्राप्तिकर मी तूर्त बाजूला ठेवला आहे. तरीही दीड लाखाने लहान असलेल्या ऑफरमध्ये दरमहा ५,००० जास्त! भाऊजींनी दोनदा बेरीज तपासली. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर पहिल्या वर्षी पंधराचीच बेरीज पुढे जाते, पण घरभाडं दर महिन्याला द्यायचं असतं.

शहराचाही हिशेब यातच धरा. मुंबईत अंधेरी किंवा पवईत दोघींनी मिळून घर घेतलं तरी भाड्यात पगाराचा मोठा लचका जातो. पुण्यात तेवढा नाही. आणि क्लायंटकडे जाण्याचे दिवस जास्त असतील, तर प्रवासखर्च आधी स्वतःच्या कार्डावर पडतो आणि नंतर परत मिळतो. पहिल्या महिन्यांत त्यासाठी थोडी शिल्लक लागते.

बारीक अक्षरांत काय असतं?

जॉइनिंग बोनसखाली बहुधा एक अट असते: वर्षभरात किंवा दोन वर्षांत सोडलंत तर परत करा. हातात येताना कर कापून कमी येतो, पण परत मागताना काही कंपन्या पूर्ण रक्कम मागतात. हे आधी विचारून घ्या.

नोटीस पिरिअड ९० दिवसांचा असणं आता नेहमीचं झालं आहे. म्हणजे पुढची नोकरी मिळाली तरी तीन महिने थांबणं आलं. त्याऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते तुम्ही ठरवायचं की कंपनीने, याचं वाक्य शोधा.

सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, अशी अट दिसली की मुलं घाबरतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतरही पोटापाण्याचा उद्योग करण्यापासून रोखणारी अट सर्वसाधारणपणे टिकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास भरपाई देण्याचा बाँड ही वेगळी गोष्ट. विजया बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन लाखांची अशी अट वैध ठरवली. म्हणून बाँड असेल तर रक्कम आणि मुदत दोन्ही नीट वाचा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: शेअर्स. ज्या कंपनीचं ऑडिट आपल्या जाळ्यातली फर्म करते, तिच्याशी आर्थिक हितसंबंध असू नयेत म्हणून कडक नियम असतात. त्याला इंडिपेन्डन्स म्हणतात. रुजू होताना गुंतवणुकीची यादी द्यावी लागते, तुमच्या कामानुसार काही शेअर्स विकावे लागू शकतात, आणि हे नियम जोडीदाराला आणि तुमच्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही लागू होऊ शकतात. नवरा शेअर बाजारात रोज उलाढाल करत असेल, तर घरात आधीच बोलून घ्या.

पण नाव मोठं असलं की पुढचं सोपं जातं ना?

जातं. हे नाकारणं खोटेपणाचं ठरेल. त्या चार नावांपैकी एक बायोडेटावर असलं की पुढच्या मुलाखतीचं दार उघडतं. पण चौघींमधल्या एकीपेक्षा दुसरीचं नाव थोडं भारी, म्हणून केलेली निवड दार उघडल्यावर कामाला येत नाही. समोरचा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "त्या प्रकल्पात तुम्ही स्वतः काय केलंत?"

मी स्वतः इथे फसले होते. दोन ऑफरपैकी जास्त नावाजलेली घेतली. मुलाखत पुरवठा साखळीच्या टीमसाठी झाली होती. रुजू झाल्यावर कळलं की ती टीम भरलेली आहे, मला दुसरीकडे टाकलं होतं. नऊ महिने मी दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या स्लाइड्स रंगवल्या. रात्री साडेअकराला मॅनेजरचा निरोप यायचा, "लोगो दोन मिलिमीटर डावीकडे." मी कार्यालयाच्या जिन्यात बसून आईला फोन करायचे आणि सगळं छान चाललंय म्हणून सांगायचे. लेटरमध्ये टीमचं नाव लिहिलेलं नव्हतं. ते मी मागितलंही नव्हतं.

आज तर हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. नवख्यांना दिलं जाणारं माहिती गोळा करण्याचं, मसुदे बनवण्याचं काम आता एआय काही मिनिटांत करतं. पण ते तपासायला माणूस लागतोच. ऑस्ट्रेलियात डेलॉइटने सरकारसाठी केलेल्या सुमारे ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ सापडले, एआय वापरल्याचं समोर आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फीचा काही भाग परत करण्याचं फर्मने मान्य केलं. जिथे मॅनेजर शेजारी बसवून "हा आकडा आला कुठून?" असं विचारतो, तिथली दोन वर्षं लाखमोलाची. जिथे नुसती गती मोजली जाते, तिथली नाहीत.

आणि कामाचे तास?

२०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या फर्ममध्ये नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. ते वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. तास हा शेवटी लाजत विचारायचा प्रश्न नाही, तो पहिल्या तीनात हवा.

"वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" असं विचारलं तर छान आहे असंच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा: मागच्या मंगळवारी तुमची टीम किती वाजता घरी गेली? मागच्या वर्षी या टीममधून किती जणांनी सोडलं? सलग आठवडाभराची रजा शेवटची कुणी घेतली? उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, तेही ऐका.

एवढं विचारलं तर ऑफर काढून घेतील का?

हीच भीती भाचीलाही होती. ऑफर हातात आल्यावर आणि होकार देण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत तुमचं पारडं सगळ्यात जड असतं. कंपनीने तुमच्यासाठी चार फेऱ्या घेतलेल्या असतात, तिला पुन्हा शोधाशोध नको असते. सभ्य भाषेतल्या प्रश्नांवरून ऑफर मागे घेतलेली मी तरी पाहिली नाही. दोन्हीकडे होकार देऊन एकीला शेवटच्या दिवशी टांग देणं मात्र करू नका. हे क्षेत्र लहान आहे, तीच माणसं पुढे समोर येतात.

रुजू होण्याची तारीख लेखी घेतल्याशिवाय आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या काही मोठ्या सल्लागार कंपन्यांनी नव्यांच्या तारखा कित्येक महिने पुढे ढकलल्या होत्या. घराचा हप्ता चालू असताना ते परवडत नाही.

भाचीने दोन्हीकडे तोच ईमेल पाठवला. माझी टीम कुठली, पार्टनर आणि मॅनेजर कोण, सध्या त्या टीमकडे कुठली कामं आहेत, आणि मॅनेजरशी वीस मिनिटं बोलता येईल का? पंधरा लाखांवाल्या कंपनीच्या एचआरने दुसऱ्या दिवशी कळवलं, टीम रुजू झाल्यावर गरजेनुसार ठरेल. साडेतेरावालीकडून चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी रात्री नऊला एका मॅनेजर बाईंचा फोन आला, उशीर झाल्याबद्दल आधी माफी मागून त्या पस्तीस मिनिटं बोलल्या. साखर कारखान्यांच्या हिशेब प्रणालीचं काम पुढच्या तिमाहीत सुरू होतंय, महिन्यातले पंधरा दिवस फिरती असेल, आणि मार्चमध्ये तास वाईट असतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

तिने साडेतेराला होकार कळवला. सध्या हिंजवडीतला ९० दिवसांचा नोटीस पिरिअड चालू आहे, आणि ती डीमॅट खातं उघडून शेअर्सची यादी करते आहे.